नवऱ्याच्या नोकरीचं काही खरं नाही, आठ वर्षांचा मुलगा रोज विचारतो. त्याला काय सांगू आणि आम्ही कसं सावरू?

"काही होणार नाही" एवढं सोडून काहीही सांगा. सध्या तेच सांगताय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तर लिहायला बसलो.

मी औसा तालुक्यातला. 30 सप्टेंबर 1993 ला नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले, आणि चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावात माणूस गेलं नाही, पण माळवदाच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. तसल्याच दगडमातीच्या भिंतींखाली किल्लारी-सास्तूरची माणसं झोपेत गाडली गेली.

पण त्या रात्रीपेक्षा पुढचे दिवस वाईट. धक्के थांबेनात. आम्ही खळ्यात ताडपत्रीखाली, वरून पाऊस. मी रोज विचारायचो, परत येईल का? माझे वडील, अण्णा, म्हणायचे, "आता काही होत नाही, झोप." एकदा त्यांचं बोलणं संपतंय तोच जमीन गुरगुरली. त्यानंतर अण्णा "जेवायला चल" म्हणाले तरी मी आधी चुलीपाशी जाऊन बघायचो.

आजीनं पितळी तांब्या पालथा घातला, त्यावर स्टीलचा पेला उभा केला. म्हणाली, "परत येईल का ते मला काय ठाऊक बाबा. पण पेला पडला की लिंबाखाली पळायचं, एवढं ठाऊक हाय." रोज पेला मांडायचं काम माझं. त्या रात्री मला झोप लागली. एकदा मांजरानं पाडला, तर अकरा माणसं लिंबाखाली आणि अण्णा सगळ्यांत पुढं!

अण्णा अजून म्हणतात, आजीनं तुला भित्रं केलं. अहो, 1992 च्या ऑक्टोबरातही किल्लारीला हादरे बसत होतेच की. हादरे ओसरले, धास्ती ओसरली, घरं मात्र तशीच राहिली.

तर मुलाला खरं सांगा. बाबांच्या ऑफिसात काय चाललंय ते दोन वाक्यांत, आणि "कळलं की त्याच दिवशी तुला सांगू". शाळा बदलणार नाही हे नक्की असेल तरच तसं म्हणा. घरातलं एखादं काम त्याच्याकडे द्या, पण खरंखुरं. लुटुपुटूचं पोरांना लगेच कळतं.

मोठ्यांचं विचाराल तर मलाच फारसं जमलेलं नाही. अजून खिडकीची काच थरथरली की मी आधी दाराकडे बघतो. महिन्याचा खर्च आणि शिल्लक कागदावर मांडा, तेवढ्यानं रात्रीचं डोकं जरा शांत होतं.

आणि हो, मी कुणी डॉक्टर नाही. पोरगं आठवडेच्या आठवडे झोपत-जेवत नसेल तर तांब्या-पेला पुरायचा नाही, दाखवून घ्या. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे. तो मोठ्यांनाही चालतो.

हे अण्णांना वाचून दाखवलं तर काय म्हणतील तेही ठाऊक आहे. "मग झालं का आपल्याला काही?"