हवेवरची बीटल आणि विदर्भाचं ऊन

प्रश्न : घरी १९६७ ची १३०० सीसी फोक्सवॅगन बीटल आहे. मे महिन्यात हिंगणघाटहून वर्ध्याला पोहोचेपर्यंत इंजिन तापून गाडी ओढेनाशी होते. मेकॅनिक म्हणतो, हवेवरचं (पाण्याऐवजी हवेनं थंड होणारं) इंजिन इकडच्या उन्हात टिकत नाही. शिवाय ते मागे असल्यानं गाडी वळणावर उलटते. विकून टाकावी का?

उत्तर : विकू नका. हिच्याच घराण्यातली जर्मन लष्करी गाडी क्युबेलवागेन दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात धावली. पाणीच नाही, तर उकळणार काय? ऊन हे निमित्त, दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो.

ही हवा पट्ट्यावर फिरणारा पंखा देतो आणि पत्र्यांच्या आवरणातून ती सिलिंडरवर जाते. इंजिनाभोवतीचं रबर फाटलं किंवा एखादा पत्रा काढून ठेवला असेल, तर खालची तापलेली हवा पुन्हा वर ओढली जाते. आधी हेच बघा. तुमच्या भागात जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू आत जातात, गळक्या तेलावर चिकटतात, त्यावर धूळ बसते आणि फिनांमधल्या (सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधल्या) फटी बुजतात. पंख्याचं आवरण काढून फिना आणि ऑइल कूलर रॉकेल-ब्रशनं धुवा, मग हवा मारा. तुमच्या मॉडेलात हा कूलर तिसऱ्या सिलिंडरवर बसतो. त्या सिलिंडरला गरम हवाच मिळते, म्हणून त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळ्यांत आधी जातो.

दर ५००० किमीला इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हपाशी सोडायची फट) ०.१५ मिमीवर ठेवा. आवाज बंद करायला तो आवळू नका. घट्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. तेल फक्त २.५ लिटर, फिल्टर नाही, नुसती चाळणी. म्हणून तेलही त्याच वेळी बदला, चाळणी धुवा, गॅस्केट नवं घाला. चाळणीच्या झाकणाचे सहा नट हलकेच आवळा, नाहीतर स्टड उपटून येतात.

पट्टा अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १५ मिमी दबावा. सैल असेल तर पुलीच्या दोन भागांमधला एक वायसर काढून बाहेर नटाखाली घाला. चालताना डायनामोचा लाल दिवा लागला तर तिथंच थांबा. पट्टा तुटला असेल तर डायनामोबरोबर पंखाही बंद.

उलटण्याची बदनामी मात्र अगदीच निराधार नाही. मागचा स्विंग ॲक्सल (चाकासकट वरखाली झुलणारा अर्धा ॲक्सल) जोरात वळताना चाक आत दुमडू देतो. अमेरिकेत शेव्हरोलेच्या सुरुवातीच्या कॉर्व्हेअर गाड्या याच कारणानं बदनाम झाल्या. पंक्चरवाला चारही चाकांत सारखी हवा भरतो, ते होऊ देऊ नका : पुढे १६ ते १८, मागे २४ ते २६ पौंड. वेग वळणाआधी कमी करा, वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडू नका.

आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप आजच बदला. इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं ते तडकतात आणि गळती थेट तापलेल्या इंजिनावर होते. नवे पाइप इथेनॉल सोसणारेच मागा.