मराठी गेमिंग पॉडकास्टवर वंश-वर्णाबद्दल बोलावं का? बोलायचं तर कसं?

तुम्ही लिहिलंय की मित्राबरोबर गेमिंगवर मराठी पॉडकास्ट सुरू करताय. इंग्रजी पॉडकास्टवर 'रेस' म्हणजे वंश-वर्ण या विषयावर बरंच बोलणं होतं, ते आपल्याकडे आणावं, की "गेम आहे, खेळा आणि सोडा" म्हणून पुढे जावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर: आणा, अगदी पहिल्या भागापासून आणा. मी बरीच वर्षं ठाणे ते सीएसएमटी प्रवासात हेच पॉडकास्ट ऐकत आलोय, आणि गेमकडे बघायची माझी नजर त्यांनीच बदलली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथे 'स्ट्रीट फायटर 2'चं मशीन होतं. 1991 सालचा मारामारीचा गेम. त्यात भारताचा म्हणून एकच माणूस, धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे ताणले जाणारे हात, तोंडातून आग, आणि मागे हत्ती उभे. सगळी पोरं र्यू नाहीतर केन घ्यायची. मी एकदा धालसिम घेतला तर मागून कोणीतरी "ए साधूबाबा" म्हणून ओरडलं. राग वगैरे आला नाही. पुढच्या वेळी मी मुकाट केन घेतला, एवढंच. ही गोष्ट मी पार विसरलो होतो. ती आठवली एका अमेरिकन पॉडकास्टवर एक कृष्णवर्णीय माणूस आपल्या केसांबद्दल बोलत होता तेव्हा.

हो, केसांबद्दल. गेममध्ये आपलं पात्र तयार करताना सरळ केसांचे पानभर प्रकार असतात. कुरळ्या, दाट केसांसाठी मात्र वर्षानुवर्षं तेच तेच: गोल आफ्रो, डोक्याला घट्ट चिकटलेल्या वेण्या, नाहीतर जटा. आणि तेही ठोकळ्यासारखे. इव्हन नार्सिस या समीक्षकाने 2015 मध्ये 'कोटाकू' या गेमिंग वेबसाइटवर कृष्णवर्णीय समीक्षक आणि गेम बनवणाऱ्यांना एकत्र आणून यावर सविस्तर चर्चा घडवली होती. तोवर मला हे दिसलंच नव्हतं, कारण माझे केस त्या पानभर प्रकारांत बसत होते. असे केस बनवायला कोणी नीट बसलंच नाही, कारण बनवणाऱ्यांच्या खोलीत तसे केस असलेली माणसं फार थोडी होती.

'रेसिडेंट ईव्हिल 5' या झॉम्बींच्या गेमचा वाद तुम्हाला माहीत असेल. पहिला ट्रेलर 2007 चा: आफ्रिकेतलं गाव, एक गोरा नायक, आणि अंगावर धावून येणारे, गोळ्या खाऊन पडणारे काळे लोक. 'न्यूजवीक'चे गेम-पत्रकार न'गाय क्रोआल यांनी 2008 मध्ये सांगितलं की या चित्रांना मागचा इतिहास आहे. त्यात माणसं झॉम्बी होण्याआधीच भीतिदायक म्हणून दाखवली आहेत. क्रोआल यांच्यावर खेळाडू तुटून पडले. "आधीच्या भागात स्पेनमधले गोरे मारले तेव्हा कुठे होतात?" असा सवाल आला. हा सवाल तुमच्याही कमेंटमध्ये येणार. शांतपणे उत्तर द्या: स्पेनच्या खेडुतांना जनावर ठरवून जहाजात कोंबून विकायला नेल्याचा इतिहास नाही. तीच कृती वेगळ्या माणसावर केली की तिचा अर्थ बदलतो.

आणि मग 'माफिया 3' (2016). यावर तुम्ही एक अख्खा भाग करा असं मी म्हणेन. साल 1968, न्यू ऑर्लिन्सवर बेतलेलं न्यू बोर्दो शहर, नायक लिंकन क्ले, कृष्णवर्णीय, व्हिएतनामहून परतलेला सैनिक. काही दुकानांत त्याला नुसतं शिरायचीही मनाई. आत गेलात की मालक "निघ" म्हणतो, थांबलात तर पोलिसांना फोन. आणि पोलीस? गोऱ्या, श्रीमंत वस्तीत गुन्हा झाला तर लगेच हजर. गरीब काळ्या वस्तीत झाला तर येतील तेव्हा येतील. कोणी भाषण देत नाही. गाडी चालवता चालवता तुमचाच अंगठा ते शिकतो. कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे हळू चालायचं, हे तुम्ही आपोआप ठरवायला लागता. पॉडकास्टवर बोलण्यासारखी गोष्ट ही आहे. कथेत कोण चांगला, कोण वाईट यावर थांबू नका. गेमने तुमच्याकडून काय करून घेतलं ते सांगा.

मग माइकसमोर कोण बसलंय याचा प्रश्न येतो. 'हिटमॅन 2' (2018) मध्ये मुंबईची लेव्हल आहे. धोबीघाटासारखी जागा, अर्धवट बांधलेला टॉवर, चिंचोळ्या गल्ल्या. झोपडपट्टी, बॉलिवूडचा निर्माता, टोळी. एका पॉडकास्टवर तिघेजण त्यातल्या गर्दीचं भरभरून कौतुक करत होते. मी तेव्हा मुंबईच्याच गर्दीत, दाराच्या दांड्याला लटकून ऐकत होतो. त्यांनी वाईट काहीच म्हटलं नाही. पण आपल्या शहराच्या वाट्याला दर वेळी याच तीन गोष्टी का येतात, हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं. म्हणून मला कहलिफ अ‍ॅडम्स यांचा 'स्पॉन ऑन मी' हा पॉडकास्ट महत्त्वाचा वाटतो. तिथे गोरे नसलेले खेळाडू आणि गेम बनवणारे हे पाहुणे म्हणून एखाद्या खास भागापुरते येत नाहीत, कार्यक्रमच त्यांचा आहे. 'वेपॉइंट रेडिओ'चे जुने भागही शोधून ऐका. 'वेपॉइंट' ही गेमिंग वेबसाइट 2023 मध्ये बंद झाली, पण राजकारण आणि गेम एकाच श्वासात कसे बोलावेत ते तिथे कळतं.

शब्दांचं आधीच ठरवून घ्या. नुसतं 'रेस' म्हटलं तर आपला श्रोता गाड्यांची शर्यत समजेल. 'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं, जात आठवते. मी 'वंश' आणि 'कातडीचा रंग' असे दोन शब्द वेगळे वापरतो. जातीचा विषय निघाला तर निघू द्या, पण अमेरिकेतला वर्णद्वेष म्हणजे आपली जातव्यवस्थाच, असं समीकरण मांडू नका. दोन्हींत अन्याय होतो, पण दोन्ही एकच नाहीत.

आणि दर वेळी अमेरिकेलाच जायची गरज नाही. मागच्या दिवाळीत माझी नऊ वर्षांची पुतणी माझ्या फोनवर आपलं पात्र बनवत होती. कातडीच्या रंगाची पट्टी होती, बोटाने सरकवायची. तिने आपला हात स्क्रीनशेजारी धरला, रंग अगदी बरोबर जुळवला. दोन क्षण बघितलं, आणि पट्टी पार उजळ टोकाला नेली. मी म्हटलं, "अगं, आत्ता तर जुळला होता." ती म्हणाली, "काका, पण हिला छान दिसायचंय ना."

तिला काय उत्तर द्यावं ते मला त्या क्षणी सुचलं नाही. तुमचा पहिला भाग त्या पट्टीवर करा. तुम्ही दोघांनी आजवर ती कुठे नेऊन ठेवली, ते एकमेकांना विचारा, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा.