व्हिडिओतले फुटके चौकोन झाकून पोट भरेल का?

*(पालकांचं पत्र, थोडक्यात: मुलगी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना. व्हिडिओ कॉलमध्ये चित्र फुटतं ते झाकण्यावर तिला फायनल इयरचा प्रोजेक्ट करायचाय. ओळखीचे म्हणतात, प्रोजेक्ट विकत मिळतो, तो घ्या आणि पोरीला जावाचा क्लास लावा. काय करू?)*

सप्रेम नमस्कार,

क्लास खुशाल लावा. प्रोजेक्ट मात्र विकत घेऊ नका. मुलाखतीत "यात तू स्वतः काय केलंस?" असं विचारलं की विकतचा प्रोजेक्ट तिथंच उघडा पडतो.

तिचा विषय तुम्हाला परका नाही. ताण्याचा धागा तुटून फट राहिली, तर शेजारचे धागे बघून ती बेमालूम भरतात ना, तेच हे. पण रफूवाल्याला सवड असते. मोबाईलला सेकंदाला ३० चित्रं दाखवायची असली, तर एका चित्राला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात.

२००३ साली आलेली एच.२६४ ही व्हिडिओ आवळून पाठवायची पद्धत आजही सर्रास चालते. तिच्यात चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि बहुतेक वेळा आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतात. म्हणून वाटेत डेटाचं एक पॅकेट, म्हणजे एक तुकडा, हरवलं, की पुढची चित्रंही त्याच फाटक्यावर बेतली जातात. नवं पूर्ण चित्र येईपर्यंत डाग पसरत राहतो. यूट्यूबवर हरवलेला डेटा परत मागवतात, तोवर चक्र फिरतं. बोलता बोलता तेवढं थांबणार कोण?

घरात सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचा एखादा व्हिडिओ असेलच, नंदीध्वजांच्या, म्हणजे त्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीचा. एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओचा डेटा मुद्दाम बिघडवायची सोय आहे. तिला तो बिघडवू द्या. मग हरवलेल्या चौकोनाच्या जागी आधीच्या चित्रातला त्याच जागचा चौकोन चिकटवायचा. मागची भिंत झकास बसते. डोलणारी काठी मात्र मधेच मोडल्यासारखी दिसते, कारण तेवढ्यात ती सरकलेली असते. तेव्हा शेजारचे चौकोन कुठं सरकले त्यावरून हरवलेल्याची हालचाल ताडायची आणि कडा जुळतात का ते बघायचं. गर्दीत नवाच माणूस घुसला, तर तो आधीच्या चित्रात नसतोच. तिथं आजूबाजूचे रंग ओढून भरायचे, धूसर का होईना. मूळ व्हिडिओ हाताशी असल्यानं किती सुधारलं ते आकड्यात मोजता येतं. (आकडा बरा आणि चित्र भयाण, असंही होतं. घरच्यांना दाखवून विचारावं.)

आता नोकरीचं. "चौकोन झाकणारे पाहिजेत" अशी जाहिरात निघणार नाही, हे तिलाही सांगा. डिकोडर, म्हणजे आवळलेला व्हिडिओ उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांच्या कामाचा हा एक कोपरा आहे. जागा निघतात त्या व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ आवळणं-उलगडणं), मल्टिमीडिया, एम्बेडेड अशा नावांनी. अँड्रॉइडमधले एच.२६४ आणि तिच्या पुढच्या एच.२६५ चे सॉफ्टवेअर डिकोडर बंगळुरूच्या इत्तियम सिस्टिम्सचे आहेत आणि त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो. तो तिनं उघडून बघावा. जावा तिथं कामाची नाही; सी ही भाषा पक्की हवी आणि सिग्नल प्रोसेसिंगचं गणित हवं. पदवीनंतर लगेच अशी जागा मिळेलच असं नाही, म्हणून तर क्लासला मी नको म्हटलं नाही. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीसारख्या ठिकाणी एम.टेक.ला गेली तर इथवर पोचणं सोपं जाईल. त्यात महिना १२,४०० रुपये विद्यावेतन असतं, सगळा भार कारखान्यावर येत नाही.

परीक्षा संपली की सुट्टीत तिला एवढंच करू द्या. गाइड ठरायच्या वेळी तिच्या हातात दोन व्हिडिओ असतील, एक फाटका आणि एक शिवलेला. ते मलाही पाठवा. काठी नेमकी कुठं मोडते ते बघायचंय.