वाचकांचे प्रश्न : गळाची काठी, परवाना आणि ज्येष्ठांची सवलत

परदेशी असलेल्या मुलांकडे उन्हाळ्यात राहायला जाणाऱ्या ज्येष्ठ वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमी येतात. यावेळी तीन पत्रे गळ टाकून मासे धरण्याच्या एकाच छंदाविषयी आली आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच समज आहे : वय झाले की परवाना माफ. हा समज काही ठिकाणी खरा आहे, काही ठिकाणी अर्धा खरा आहे आणि बहुतेक ठिकाणी पाहुण्याच्या उपयोगाचा नाही.

प्रश्न : मी 68 वर्षांचा सेवानिवृत्त शिक्षक आहे. राजाराम बंधाऱ्याच्या परिसरात गळ टाकून बसण्याचा छंद मी अनेक वर्षे जपला आहे. येत्या मे महिन्यात तीन महिन्यांसाठी मुलीकडे इंग्लंडमध्ये लीड्स येथे जात आहे. तिच्या घराजवळून कालवा जातो. जावई म्हणतात की काठी घेऊन बसायचे तर परवाना काढावा लागेल. आपल्याकडे 75 वर्षांवरील व्यक्तींना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 65 ते 75 वयोगटाला निम्म्या भाड्यात आहे, तशी सवलत तेथे नसेल का? सोबत 14 वर्षांचा नातूही बसणार आहे. – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : जावयांचे म्हणणे बरोबर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये गोड्या पाण्यात काठीने व गळाने मासे धरणाऱ्या 13 वर्षांवरील प्रत्येकाला परवाना लागतो. वय 66 झाले की शुल्कात सवलत मिळते, पण परवान्यातून सुटका मिळत नाही. तो जवळ नसताना पर्यावरण संस्थेच्या अधिकाऱ्याने आपल्याला पाण्याकाठी गाठले आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर दंड 2,500 पौंडांपर्यंत होऊ शकतो. नातवाला 13 ते 16 या वयोगटातला परवाना विनामूल्य मिळेल, मात्र तो त्याच्या स्वतःच्या नावाने काढावा लागेल. आजोबांच्या परवान्यावर नातवाला काठी धरता येत नाही.

आता शुल्काचे पाहू. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या दरांनुसार दोन काठ्यांपर्यंतचा साधा परवाना एका दिवसासाठी 7.10 पौंड, आठ दिवसांसाठी 14.20 पौंड आणि बारा महिन्यांसाठी 36.80 पौंड असा होता. 66 वर्षांवरील व्यक्तीला बारा महिन्यांचा परवाना 24.30 पौंडांत मिळत असे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वयाची सवलत फक्त बारा महिन्यांच्या परवान्यावर आहे. एक दिवसाच्या आणि आठ दिवसांच्या परवान्याला तरुण आणि वृद्ध दोघेही सारखेच पैसे देतात. आपण तीन महिने राहणार असल्यामुळे आठ दिवसांचे दोन परवाने काढले तरी 28.40 पौंड होतील, म्हणजे वर्षभराच्या सवलतीच्या परवान्याहून अधिक. थोड्या दिवसांसाठी जात आहोत म्हणून थोड्या दिवसांचाच परवाना घ्यावा, हा आपला स्वाभाविक हिशेब आपल्या बाबतीत चुकीचा ठरेल. वर्षभराचाच घ्यावा. दर बदलत असल्याने निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावेत आणि परवाना तेथील सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावा, कारण वरचे पैसे आकारणारी दिसायला तशीच संकेतस्थळेही आहेत.

परवाना हाती आला की काम संपले असे मात्र समजू नये. तो परवाना काठी वापरण्याचा आहे. अमुक पाण्यात गळ टाकण्याचा हक्क त्याने मिळत नाही. तो हक्क पाण्याच्या मालकाचा, किंवा मालकाने ज्या क्लबला दिला असेल त्या क्लबचा असतो. आपण लिहिलेला कालवा लीड्स–लिव्हरपूल कालवा असावा. तेथील कालव्यांची देखभाल एक न्यास करतो आणि मासेमारीचे पट्टे बहुधा स्थानिक क्लबांकडे असतात. त्या क्लबचे एका दिवसाचे तिकीट किंवा वर्षाचे सभासदत्व घ्यावे लागेल. कोणता पट्टा कोणाकडे आहे हे काठावरच्या फलकावरून किंवा गळ-दोरी विकणाऱ्या जवळच्या दुकानातून कळते. क्लबांच्या वर्गणीतही ज्येष्ठांना सवलत असण्याची शक्यता असते, तेव्हा ती विचारायला संकोच करू नये.

आपण मे महिन्यात पोहोचणार आहात, त्यामुळे बंदीचा काळही सांगणे आवश्यक आहे. इंग्लंडमधील नद्या, ओढे आणि नाल्यांत 15 मार्च ते 15 जून या काळात ट्राउट आणि सामन वगळता गोड्या पाण्यातील इतर मासे धरण्यास बंदी असते, कारण त्यांच्या विणीचा हा हंगाम आहे. लीड्सच्या उत्तरेकडून वाहणारी व्हार्फ नदी कितीही मोहात पाडो, तेथे 16 जूनपर्यंत थांबावे. बहुतेक कालवे आणि तळी या बंदीतून वगळलेली आहेत, त्यामुळे मुलीच्या घराजवळचा कालवा आपल्याला आधी उपयोगी पडेल. आपल्याकडे जाणते मासेमार पहिल्या पावसात चढणीला आलेल्या, पोटात अंडी असलेल्या माशांना हात लावत नाहीत. तेथे तोच विचार कायद्याने बांधून दिला आहे आणि मला तो मनापासून योग्य वाटतो.

आणखी एक गोष्ट, जी कोल्हापूरच्या माणसाला जड जाईल. धरलेला मासा घरी नेऊन त्याचा रस्सा करावा ही आपली रीत आहे. तेथे मासा ओल्या हाताने अलगद सोडवून पुन्हा पाण्यात सोडण्याची रीत आहे आणि ती बऱ्याच अंशी नियमाचीच आहे. नदीतून दिवसाला 20 सेंटिमीटरपर्यंतचे 15 लहान मासे नेता येतात. त्याहून मोठा कार्प नेता येत नाही. वांब तर हाती आली तरी सोडूनच द्यावी लागते. तळी आणि कालव्यांतून काहीही न्यायचे असल्यास मालकाची परवानगी लागते. समुद्रकाठी मात्र या परवान्याची गरज नाही. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर एखादा दिवस काढलात तर मॅकरेल (बांगड्यासारखा मासा) जरूर गळाला लावा; आकाराचे व ठिकाणाचे स्थानिक नियम पाळून तो घरी आणता येतो.

प्रश्न : माझे सासरे 71 वर्षांचे आहेत. जूनमध्ये ते माझ्या दिरांकडे अमेरिकेत न्यू जर्सीतील एडिसन येथे जाणार आहेत. दिरांनी वाचले आहे की त्या राज्यात 70 वर्षांवरील व्यक्तींना मासेमारीचा परवाना लागत नाही. मग सासऱ्यांनी पारपत्रावरची जन्मतारीख दाखवली तर पुरेसे होईल का? – एक वाचक, रुईकर कॉलनी

उत्तर : दिरांनी वाचले ते खरे आहे, परंतु त्या नियमात ‘रहिवासी’ हा एक शब्द आहे आणि सगळा फरक त्या शब्दाने पडतो. न्यू जर्सीचे रहिवासी असलेल्या 70 वर्षांवरील व्यक्तीला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी परवाना लागत नाही; वयाचा पुरावा जवळ असला की झाले. 65 ते 69 या वयाच्या रहिवाशांना तो कमी दरात मिळतो. पण रहिवासी ठरण्यासाठी त्या राज्यात किमान सहा महिने वास्तव्य असावे लागते, आणि भेटीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला एका खेपेस साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच राहू दिले जाते. त्यामुळे आपले सासरे तेथे अनिवासी गणले जातील आणि 16 वर्षांवरील प्रत्येक अनिवासी व्यक्तीला परवाना लागतो, मग तिचे वय 71 असो की 91. पारपत्रावरची जन्मतारीख वय सिद्ध करील, निवास नव्हे. एसटीची आपली सवलत जशी राज्याच्या हद्दीपुरती असते, तसेच हेही आहे : ज्यांच्या करातून नद्यांची निगा राखली जाते, त्या आपल्या वृद्धांना त्या राज्याने दिलेला तो मान आहे.

यावर उपाय अवघड नाही. अनिवासींसाठी थोड्या दिवसांचेही परवाने असतात आणि ते ऑनलाइन किंवा क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतात. ट्राउट धरायचा असेल तर वेगळा शिक्का घ्यावा लागतो. तो नको असेल तर खर्च वाचतो. शिवाय जून आणि ऑक्टोबरमध्ये एकेक दिवस गोड्या पाण्यातील मासेमारी सर्वांना विनापरवाना खुली असते. सासरे जूनमध्येच पोहोचत असतील तर तो दिवस साधावा. समुद्रात व खाडीत परवानाच लागत नाही, फक्त राज्याच्या नोंदवहीत मोफत नाव नोंदवावे लागते. मात्र रॅरिटन नदी एडिसनजवळून जाते आणि पुढे खाडीला मिळते. त्या भागातील काही मासे किती खावेत याविषयी राज्य शासनाने आरोग्याच्या सूचना दिलेल्या आहेत. त्या वाचल्याशिवाय घरात मासे शिजवू नयेत, विशेषतः लहान मुले असतील तर.

इतर ठिकाणी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. कॅनडातील ओंटारिओत 65 वर्षांवरील कॅनडावासीयांना परवाना विकत घ्यावा लागत नाही, पाहुण्यांना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात केवळ वयामुळे कोणालाही माफी नाही, परंतु समुद्रावरील सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात 70 वर्षांवरील व्यक्तीला सूट आहे. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये ती वयावर नसून तेथील निवृत्तिवेतनधारकांच्या सवलतपत्रावर आहे, जे आपल्याकडून गेलेल्या पाहुण्याजवळ असणार नाही. म्हणून मुलांना ‘वयाची सवलत आहे का’ एवढेच विचारू नये. ‘ती रहिवाशांपुरतीच आहे का’ हे आधी विचारावे.

प्रश्न : परदेशाचे राहू द्या. मी 63 वर्षांचा आहे. राधानगरी भागात धरणाच्या पाण्यात हौसेने गळ टाकायला मला परवानगी लागते का आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून काही सूट आहे का? – एक वाचक, गारगोटी

उत्तर : मत्स्यव्यवसाय हा आपल्या संविधानानुसार राज्याच्या सूचीतील विषय आहे. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास कायद्याने बंदी आहे. त्यात वयाची सवलत कोठेही नाही. जलाशयातील मासेमारीचा हक्क शासन ठेक्याने देते आणि तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्या संस्थेने पाण्यात मत्स्यबीज सोडलेले असते आणि त्यावर तिच्या सभासदांची चूल चालते. तेव्हा हौसेची एक काठी असली तरी संस्थेला विचारूनच बसावे आणि शक्य असेल तर परवानगी लेखी घ्यावी. ठेका कोणाकडे आहे हे कोल्हापुरातील सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात कळेल.

राधानगरीच्या बाबतीत मात्र अधिक काळजी घ्यावी. तेथील अभयारण्याच्या हद्दीत येणाऱ्या पाण्याला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू होतो आणि 2002 च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्यातील ‘प्राणी’ या शब्दात मासाही येतो. तेथे पकडून सोडून दिला तरी तो पकडलाच, असा अर्थ लावला जाऊ शकतो. म्हणून दाजीपूरकडच्या पाण्याकडे काठी घेऊन जाण्याआधी वन विभागाकडून हद्द कोठे आहे हे विचारून घ्यावे, आणि ती समजेपर्यंत गावाजवळच्या एखाद्या पाझर तलावावर, तलाव ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगून बसावे.