बारीक दोरी, भरलेला फास : धनुष्याच्या दोरीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा लाकडी लाँगबो (लांब, सरळ पात्यांचे धनुष्य) ६६ इंची आहे, ओढ (पूर्ण ताणायला लागणारा जोर) ४० पौंड. सोबत आलेली डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी १६ पदरी असून बाण मंद जातो. पदर किती कमी करता येतील?

उत्तर : बारापर्यंत या, त्याखाली नको. नेहमीच्या बी-५० जातीच्या डॅक्रॉनचा एक पदर साधारण ५० पौंडांना तुटतो, म्हणजे बारांचे झाले ६००. चाळिसाच्या धनुष्याला एवढे कशाला, असे वाटेल. पण बाण सुटून दोरी खाडकन सरळ होते, त्या क्षणीचा ताण ओढीच्या कितीतरी पट असतो. शिवाय फासाच्या वळणावर आणि झिजलेल्या जागी पदराची ताकद आधीच उतरलेली असते. दुसरी गोष्ट, डॅक्रॉन लांबते. पदर कमी केले की उरलेल्यांवर भार वाढतो, दोरी अधिक लांबते आणि वजनात जे वाचवले ते त्या रबरी हिसक्यात जाते.

फायद्याचा अंदाजही घ्या. दोरीचा मधला भाग बाणाच्या वेगाने धावतो, टोके जवळजवळ जागीच राहतात. त्यामुळे दोरीच्या वजनापैकी साधारण एक-तृतीयांशच बाणाच्या खात्यात धरले जाते. दोरी ३ ग्रॅमने हलकी केली, तर बाण १ ग्रॅमने हलका केल्यासारखे झाले. २७ ग्रॅमच्या बाणाला त्यातून वेग मिळतो तो दोन टक्क्यांच्या आतच. म्हणून बारीक करायची ती दोरीची कंबर. टोकांना जाडी राहिली तर वेगाचे फारसे बिघडत नाही. उलट आवाज कमी करायला मध्याजवळ बांधलेले लोकरीचे गोंडे महाग पडतात.

प्रश्न : मी डायनिमाची (न ताणणाऱ्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) ८ पदरी दोरी वळली. बाण छान जातो, पण फास टोकाच्या खाचेत रुततो आहे. काय करू?

उत्तर : आधी धनुष्याची टोके पाहा. त्यांवर शिंगाचा किंवा कठीण लाकडाचा जोड नसेल, तर ही दोरी आजच उतरवा आणि डॅक्रॉनवर या. डायनिमा जवळजवळ लांबत नाही, सगळा हिसका टोकांवर येतो. त्यात फास सुतळीइतका बारीक असेल तर तो खाचेत करवतीसारखा चालतो.

टोके मजबूत असतील तर फास भरून घ्या, म्हणजे तिथे जादा पदर घालून तो जाड करा. लाँगबोची दोरी धनुष्यापेक्षा साधारण ३ इंच आखूड (टोके पुढे वळलेल्या रिकर्व्हची ४), म्हणजे ६६ इंची लाँगबोची ६३ इंच. पदर त्याहून १८ इंच जास्त, ८१ इंचांचे कापा. चार-चार पदरांचे दोन पेड करा, रंग वेगळे ठेवा. त्याच धाग्याचे १६ इंची १२ तुकडे कापा आणि प्रत्येक पेडाच्या प्रत्येक टोकाला तीन-तीन जोडा. सगळी टोके एका रेषेत ठेवू नका. अर्ध्या-अर्ध्या इंचाची पायरी ठेवा, नाहीतर भरण संपते तिथे दोरी एकदम बारीक होऊन नेमकी तिथेच मोडते. मग मेण लावून बोटे गरम होईपर्यंत चोळा.

टोकापासून ८ इंचांवर चिमटीत धरा. पलीकडचा पेड आपल्यापासून दूर पिळायचा आणि दुसऱ्यावरून आपल्याकडे आणायचा. आता जो पलीकडे गेला त्याचे तसेच. वरच्या फासासाठी असे ३ इंच वळा, खालच्यासाठी २ पुरतात. वरचा मोठा, कारण दोरी उतरवल्यावर तो पात्यावरून खाली सरकायला हवा. मग दुमडून शेपटे आपापल्या रंगाच्या पेडात मिसळा आणि ती संपेपर्यंत वळत राहा.

चूक होते ती दुसऱ्या टोकाला. पहिला फास खिळ्यात अडकवून दोन्ही पेड हाताने विंचरा आणि सारखे ताणा, मगच दुसरा फास सुरू करा. पुरी झालेली दोरी निरखून पाहा : एक रंग सरळ काठीसारखा आणि दुसरा वेलीसारखा त्याच्याभोवती चढलेला दिसला, तर सगळा भार सरळ पेडावर आहे. आठ पदरी दोरी मग चारच पदरांची समजा. उसवा आणि पुन्हा वळा.

प्रश्न : दोरी आणि मुठीमधले अंतर कमी करायला पीळ सोडला, तर फासच सुटला. धागा खराब असेल का?

उत्तर : धाग्याचा दोष नाही. अशा वळलेल्या दोरीत गाठ नसते, फास केवळ पिळाच्या पकडीवर उभा असतो. चढवताना मधल्या भागात फासाच्याच दिशेने वीस-पंचवीस पीळ हवेत. अंतर तरीही जास्त येत असेल तर दोरी आखूड झाली आहे, लांब वळा.

प्रश्न : बारीक दोरीवर बाणाची नॉक (मागची खाच) सैल बसते. सर्व्हिंगवर (दोरीच्या मध्यावर गुंडाळलेल्या धाग्यावर) डिंक चोपडू का?

उत्तर : डिंक तडकतो आणि निघतो. नॉकच्या खाचा साधारण २.२ किंवा २.५ मिमीच्या असतात, त्यामुळे आधी व्हर्नियरने मोजा. थोडाच फरक असेल तर जाड सर्व्हिंग धागा घ्या, जास्त असेल तर सर्व्हिंगच्या खाली त्याच जातीचे दोन आखूड पदर घाला. नॉकच्या जागेच्या वर २ इंच आणि खाली साधारण ५ इंच गुंडाळा. शेवटचे १२-१५ वेढे उलटे घेऊन टोक आतून ओढून घ्या. ते लायटरने जाळायची सवय डॅक्रॉनवरून येते, पण डायनिमा १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, ज्योत जवळ नेऊच नका. परीक्षा सोपी आहे : दोरी आडवी धरून बाण खाली लोंबता ठेवा, तो स्वतः पडू नये, दोरीवर टिचकी मारली की पडावा.

प्रश्न : बांबूच्या धनुष्याला सुती नको, लिननची दोरी करायची आहे. पदर कसे ठरवायचे?

उत्तर : लिनन म्हणजे जवसाचाच धागा, पण आपल्याकडचे जवस तेलासाठी पेरतात, धागा विकतच घ्यावा लागेल. त्याला बादली टांगून हळूहळू पाणी ओता. एक लिटरला एक किलो, बादलीचे वजन वेगळे धरा. पाच वेळा तोडून सर्वांत कमी आकडा घ्या. ४० पौंड म्हणजे १८ किलो, त्याची दहापट १८०. धागा ६ किलोला तुटत असेल तर ३० पदर. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवर सापडलेल्या बाणांच्या खाचा सुमारे ३ मिमी रुंद आहेत, आणि ती धनुष्ये तुमच्यापेक्षा कितीतरी जड ओढीची होती. तुमची दोरी त्याहून जाड होत असेल तर पदर कमी करू नका, चांगला धागा शोधा. लिनन तुटण्याआधी सूचना देत नाही. मेण सुकू देऊ नका, आणि एक जरी पदर उसवलेला दिसला तरी दोरी बदला. ओढलेल्या धनुष्याची दोरी तुटली तर बांबूही फाटू शकतो.