आधी घड्याळ वाच, मग कलमं

प्रिय वकीलबाई,

बाळंतपणात इजा झालेल्या बाळाच्या आईवडिलांतर्फे रुग्णालयाला पाठवायच्या नोटिशीचा तुझा मसुदा वाचला. भाषा फर्डी आहे, रागही खरा आहे. पण ही नोटीस आत्ता पाठवू नकोस. तिच्यात 'अक्षम्य हलगर्जीपणा' जागोजागी आहे, आणि बाळाचे ठोके किती वाजता कमी झाले हे कुठेच नाही.

बाळंतपणातल्या इजेच्या केसेस कलमांपेक्षा घड्याळावर ठरतात. बाळाला इजा झाली एवढ्यानं निष्काळजीपणा शाबीत होत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत मूळ कारण प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणं हे नसतंच. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भातला संसर्ग, मेंदूच्या घडणीतला दोष, जनुकीय आजार अशी कितीतरी कारणं असतात. समोरचा वकील कैफियतीत पहिलं हेच लिहिणार, आणि तो खोटं लिहीत नसेल. तुला दाखवायचंय ते निराळं. धोक्याची खूण कधी दिसली? दिसल्यावर कोणी काय केलं? आणि जे करायला हवं होतं ते वेळेत केलं असतं, तर आज बाळ या अवस्थेत नसतं का? शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त तक्रारी आपटतात. चूक सापडते, पण त्या चुकीमुळेच इजा झाली हे जोडता येत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे कागद. आईच्या सहीनं लेखी अर्ज करायचा आणि त्याची पोच घ्यायची. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि त्या तीन वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहे. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नकोस, त्यात सगळं गुळगुळीत केलेलं असतं. अर्जात एकेक नाव घालून माग: गरोदरपणातल्या तपासण्या, नर्सिंगच्या नोंदी, पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याचा वेळेवार तक्ता), ठोक्यांच्या आलेखाची मूळ पट्टी, औषधांचा तक्ता, भूलतज्ज्ञाची नोंद, बाळाचा स्वतंत्र केसपेपर, दुसरीकडे हलवलं असेल तर रेफरची चिठ्ठी. बाळाला जिथे हलवलं तिथल्या नोंदीही माग. बाळ कोणत्या अवस्थेत, किती वाजता पोचलं, हे त्या दुसऱ्या रुग्णालयानं लिहिलेलं असतं, आणि ते लिहिताना त्यांना कोणाला वाचवायचं नसतं.

मग फाइल घेऊन बस. समज, नर्सच्या पानावर रात्री ३.४० ची नोंद आहे: 'ठोके ९०, डॉक्टरांना फोन केला.' बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत, म्हणजे ही खूण स्पष्ट आहे. पुढची नोंद ५.१० ची: 'डॉक्टर आले, सिझरचा निर्णय.' मधल्या दीड तासात काहीच नाही. तुझी केस त्या कोऱ्या जागेत आहे. फोन खरंच गेला का? कळा वाढवायचं सलाइन तोवर चालूच होतं का, की ठोके उतरल्याबरोबर बंद केलं? पाणी गेलं तेव्हा त्याचा रंग हिरवा होता असं आई म्हणते, ते कुठे लिहिलंय? पार्टोग्राफ बघताना शाईकडेही लक्ष दे. दर अर्ध्या तासाची नोंद खरोखर वेळच्या वेळी झाली असेल तर अक्षर बदलतं, पेन बदलतं, खाडाखोड असते. एका दमात, एकाच हातानं भरलेला तक्ता ओळखायला शिक. मात्र तेवढ्यावरून बनावट कागदाचा आरोप करू नकोस. उलटतपासणीत विचारायला तो मुद्दा राखून ठेव.

बाळाच्या कागदांत अपगार गुण बघशील, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाचा श्वास, ठोके, रंग, हालचाल बघून दिलेले दहापैकी गुण. पहिल्या मिनिटाचा गुण कमी असला म्हणून फारसं काही ठरत नाही, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाचा बघ. नाळेच्या रक्ताची तपासणी केलेली असेल आणि पीएच (रक्तातल्या आम्लाचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) ७ च्या खाली असेल, तर तो वजनदार पुरावा आहे. लहान ठिकाणी ही तपासणी होतच नाही. मग पहिल्या दिवसांतले झटके आणि वेळेवर काढलेला एमआरआय यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. मेंदूच्या कोणत्या भागाला मार बसलाय यावरून बालमेंदूतज्ज्ञ इजेची वेळ बरीचशी सांगू शकतात.

आणखी एक घड्याळ जन्मानंतर सुरू होतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडला असेल, तर शरीर ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार असतो, आणि तो जन्मानंतरच्या सहा तासांत सुरू व्हावा लागतो. प्रसूतीत काहीही चुकलं नसेल, पण 'बाळ रडलं नाही, बघू सकाळी' म्हणत ते सहा तास घालवले असतील, तर प्रकरण तिथे उभं राहतं. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली, तेही जन्मानंतरच्या चुकीसाठीच. २९ व्या आठवड्यात जन्मलेलं, १२५० ग्रॅम वजनाचं बाळ. त्याचे डोळे तपासून घ्या असं आईवडिलांना कोणी सांगितलं नाही, आणि मुलीची दृष्टी गेली. तो निकाल नीट वाच. आयुष्यभराचा खर्च आजच्या दरानं न मोजता महागाई धरून कसा मोजायचा, ते त्यात सापडेल.

आता रस्ते. आईवडील बहुधा 'डॉक्टरला आत टाका' म्हणतच येतात. त्यांना शांतपणे सांग की फौजदारी प्रकरणातून बाळाच्या फिजिओथेरपीचा एक रुपयाही हमखास येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर त्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार जरूर करावी. परिषद डॉक्टरची नोंदणी स्थगित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही.

भरपाईसाठी मुख्य दार ग्राहक आयोगाचं. २०१९ च्या कायद्यात हद्द ठरते ती मागितलेल्या भरपाईवर नाही, भरलेल्या बिलावर. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर दोन कोटींची मागणीही जिल्हा आयोगातच दाखल होते, आणि बिल पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायची फी शून्य. कुटुंब राहतं त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पण प्रत्येकाला पूर्ण मोफत सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्यावर हा कायदा चालत नाही, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. तिथे दिवाणी दावा, किंवा चूक उघड असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. वकिलाच्या फीची चिंता करणाऱ्या आईला हेही सांग की स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तुझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण सांग.

मुदतीबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. ग्राहक आयोगात दोन वर्षं. गोम अशी की मूल मान धरत नाही, बसत नाही हे लक्षात येऊन निदान होईपर्यंतच वर्ष-दीड वर्ष जातं. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तू दोन वर्षं बाळाच्या जन्मतारखेपासूनच मोज. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाला सज्ञान होईपर्यंत मुदत थांबल्याचा फायदा मिळतो खरा, पण तोवर तीन वर्षं जपायची ती फाइल कुठे असेल?

तज्ज्ञाचं मत नोटिशीच्या आधी घे. स्त्रीरोगतज्ज्ञ एक आणि नवजात शिशुतज्ज्ञ एक, दोघांचंही. एकाच गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात, म्हणून दुसऱ्या शहरातला शोध. त्याला 'आमच्या बाजूनं लिहा' म्हणू नकोस. फाइल दे, तुझे प्रश्न लिहून दे आणि गप्प बस. त्यानं 'इथे चूक दिसत नाही' असं सांगितलं, तर ते कुटुंबाला तसंच सांगायचं धैर्य ठेव. आईच्या मनात बहुतेकदा 'माझंच काही चुकलं का' हे घर करून बसलेलं असतं. काय घडलं याचा नीट लावलेला क्रम हातात आला, की त्या प्रश्नाला निदान उत्तर तरी मिळतं. आयुष्याची जमापुंजी हरणाऱ्या दाव्यात घालायला लावणं याला मी वकिली म्हणत नाही.

आणि निकालाची वाट बघत उपचार थांबवू देऊ नकोस. आशेनं बसलेली कुटुंबं 'पैसे आले की थेरपी सुरू करू' म्हणतात, आणि मेंदू सर्वाधिक शिकतो ती पहिली दोन-तीन वर्षं निघून जातात. जिल्हा रुग्णालयात लवकर हस्तक्षेप केंद्र (अशा मुलांवर लहानपणीच उपचार सुरू करणारं) असेल तर तिथे आत्ताच पाठव. सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून निरामय या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज भरून दे, त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. थेरपीच्या प्रत्येक फेरीची पावती एका वहीत चिकटवायला सांग. उद्या भरपाई मोजताना तीच वही तुझ्या कामी येईल.

सोमवारी बाळाच्या आईबापांना बोलावलंयस ना? बापाला थोडा वेळ बाहेर चहाला पाठव आणि आईला कळा सुरू झाल्यापासूनचं सगळं सांगू दे. मधे बोलू नकोस. वेळा आठवत नसतील तर तिच्या फोनमधले कॉल आणि मेसेज उघडून बघ. आईला, बहिणीला, नवऱ्याला त्या रात्री केलेल्या प्रत्येक फोनवर वेळ असते. त्या वेळा कागदावर उतरव आणि मगच मला फोन कर.

तुझा,
काका