उंदराने खटका दाबायचं सोडलं म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ दोन वर्षं एमडी (मेफेड्रोन नावाचं ड्रग) घेतोय. मामांनी घरच्या ग्रुपवर बातमी टाकली की उंदरांवर औषध यशस्वी, व्यसन गेलं, तेव्हापासून आई रोज विचारते की आपल्याकडे कधी मिळणार. पण उंदराला मुळात व्यसन लावतात कसं? आणि खरंच येतंय का हे औषध?
- एक बहीण, ठाणे

उत्तर: ताई, वाईट बातमी आधी सांगून टाकतो. हेरॉइनच्या व्यसनाला मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन तरी आहे, पण कोकेन, मेथ, एमडी या उत्तेजक मंडळींसाठी औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने अजून एकही औषध मंजूर केलेलं नाहीये. उंदरांवर "यशस्वी" झालेली मात्र ढीगभर आहेत.

आता उंदराचं. भूल देऊन मानेच्या शिरेत बारीक नळी बसवतात, ती कातडीखालून पाठीवर बाहेर काढतात, मग उंदीर एका पेटीत जातो जिथे दोन खटके असतात, एक दाबला की दिवा लागतो आणि कोकेनचा छोटा डोस थेट रक्तात, दुसरा दाबून काहीच होत नाही. उंदीर चटकन शिकतो. मग त्याला किती हवंय ते मोजायला भाव वाढवत नेतात, पहिल्या डोसला एकदा दाब, पुढच्याला २, मग ४, ६, ९, असं करत करत तो कुठे कंटाळून सोडतो ते बघायचं. औषध दिल्यावर लवकर सोडलं की बातमी तयार!

पण थांबा, गोम पुढेच आहे. औषधाने उंदीर नुसता पेंगुळला तरी तो खटका दाबणार नाहीच ना? म्हणून तेच औषध देऊन खाण्याच्या गोळीसाठी दाबतो का तेही बघावं लागतं. कोकेन नको पण खाणं हवं, असं दिसलं तर जरा दम आहे म्हणायचं. मामांच्या बातमीत ही ओळ शोधा, नसेल तर सोडून द्या. आणि एवढं जमूनही गाडी अडते, जीबीआर १२९०९ नावाच्या औषधाने माकडांचं कोकेन घेणं कमी केलं, खाणं फारसं बिघडलं नाही, सगळे खूश, आणि माणसांत सुरुवातीलाच ईसीजीमध्ये गडबड दिसली, काम थांबलं.

माणसांमधला एक बरा निकाल २०२१ चा. मेथ घेणाऱ्या ४०३ जणांच्या चाचणीत नाल्ट्रेक्सोनचं (दारू, अफूच्या व्यसनावर वापरतात ते) इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन ही नैराश्यावरची गोळी एकत्र दिली, १३.६ टक्क्यांना फायदा, नुसत्या डमी औषधाने २.५ टक्क्यांना. आहे, पण जादू नाही, आणि ते मेथवर होतं, एमडीवर नाही. सध्या सगळ्यात भक्कम पुरावा गोळीचा नाहीच, लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, या पद्धतीचा आहे. ऐकायला पोरखेळ वाटतो, मलाही वाटायचा. भावाला सायकियाट्रिस्टकडे न्या, सरकारची १४४४६ ही नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, आईला सांगा बातमीची वाट बघू नका.

प्रश्न: बिचाऱ्या उंदरांना ड्रग्ज देणं क्रूरपणा नाही का?
- बीएस्सीचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: त्रास होतोच, नाही कशाला म्हणू. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय प्रयोग करता येत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. रिकाम्या पेटीत एकट्या उंदराला कोकेनशिवाय करायला काय असतं? २००७ मध्ये फ्रान्समध्ये कोकेन आणि सॅकरिनचं गोड पाणी असे दोन पर्याय दिले, तर ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी निवडलं. २०१८ च्या एका प्रयोगात तर एका खटक्याला मेथ आणि दुसऱ्याने दार उघडून पलीकडचा सोबती उंदीर भेटणार अशी सोय होती, आणि मेथची चटक लागलेले उंदीरसुद्धा जवळजवळ दर वेळी दाराचाच खटका दाबत होते.